नाशिक की कोल्हापूर? लहान मुलं घेऊन गाव बदलण्याआधी

ठाणे-डोंबिवलीकडच्या घरांत हा प्रश्न हल्ली वरचेवर निघतो. दोघांपैकी एकाला बदली मिळालेली असते, किंवा कंपनीने आठवड्यातले बरेच दिवस घरून काम करायची मुभा दिलेली असते. थोरलं मूल चार वर्षांचं, धाकटं अजून मांडीवर. मुंबई सोडायची हे एकदाचं ठरलेलं असतं, कुठे जायचं ते ठरत नसतं. नाशिक आणि कोल्हापूर ही दोन नावं समोर असतात आणि दोन्हींबद्दल प्रत्येक नातेवाइकाचं मत तयार असतं.

नाशिकची हवा चांगली, कोल्हापूरचं दूध चांगलं. नाशिक मुंबईला जवळ, कोल्हापूरची माणसं जिव्हाळ्याची. यात खोटं काही नाही, पण हे सगळं पाहुण्याच्या नजरेचं आहे. पाहुणा शनिवारी येतो, मिसळ खातो, दर्शन घेतो आणि रविवारी परततो. लहान मुलं असलेल्या घराचा कस लागतो तो मंगळवारी सकाळी अकरा वाजता. धाकट्याला ताप भरलाय, थोरल्याची बालवाडी साडेअकराला सुटणार आहे, कामाच्या मावशी आलेल्या नाहीत आणि घरातलं दुसरं मोठं माणूस कामावर गेलंय. त्या वेळी घरात जो असेल, त्याच्या सोयीने गाव निवडावं, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक घरांत ती आई असते, काही घरांत घरून काम करणारा बाबा, काही ठिकाणी आजी. नोकरी ज्याची बदललेली असते त्याला नव्या गावात ऑफिस, सहकारी, चहाची टपरी सगळं आपोआप मिळतं. घरी राहणाऱ्याला मात्र शून्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून आधी ते माणूस कोण, हे घरात मोकळेपणाने ठरवा आणि शेवटचा नकार देण्याचा अधिकार त्याच्याकडे ठेवा. तो अधिकार नुसता तोंडी नको. त्या माणसाने 'इथे नको' म्हटलं तर पगारवाढीचा आकडा पुढे करून वाद घालायचा नाही, हे दोघांनी आधीच कबूल करायला हवं.

मुंबईला किती वेळा जावं लागणार?

घरून काम आहे असं म्हणताना महिन्यातून किती दिवस ऑफिसात तोंड दाखवावं लागतं, हे कंपनीकडून लेखी घ्या. या एका आकड्यावर बरंच अवलंबून आहे.

नाशिक मुंबईपासून रस्त्याने साधारण पावणेदोनशे किलोमीटर. 2025च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि भिवंडीपर्यंतचा रस्ता सोपा झाला. भिवंडी ते ठाणे हा तुकडा मात्र तसाच आहे, हे ठाणेकरांना सांगायला नको. रोज किंवा एक दिवसाआड जाणाऱ्यांचा खरा आधार पंचवटी एक्सप्रेस. सकाळी सातच्या सुमारास ती नाशिकरोडला येते, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सीएसएमटीहून निघते. पासधारकांचे ठरलेले डबे, ठरलेल्या जागा, वर्षानुवर्षांच्या ओळखी, असं एक जगच त्या गाडीत आहे. पण हिशेब घड्याळावर मांडून बघा. नाशिकरोड स्टेशन गावापासून नऊ-दहा किलोमीटरवर. घर गंगापूर रोडला असेल तर सकाळी सव्वासहाला निघावं लागेल, आणि रात्री घरी पोचायला दहा वाजतील. मुलं उठायच्या आत बाहेर आणि मुलं झोपल्यावर घरात. आठवड्यातून एकदा हे चालतं. आठवड्यातून तीनदा असं होणार असेल तर मी नाशिकही सुचवणार नाही. तीन दिवस एकट्याने दोन लहान मुलं सांभाळायची ती नव्या गावात आणि ओळखीशिवाय, असा त्याचा अर्थ होतो. त्यापेक्षा बदलापूर-पनवेलकडे सरकलेलं बरं.

2023 साली सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत नाशिकरोडला थांबते, म्हणून अनेकजण तिच्यावर विसंबतात. ती सकाळी मुंबईहून निघते आणि संध्याकाळी शिर्डीहून परतते. मुंबईच्या आजीला नातवंडांकडे यायला ती उत्तम आहे, पण नाशिकहून सकाळी ऑफिसला जाणाऱ्याच्या कामाची नाही.

कोल्हापूर मुंबईपासून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री बसायचं आणि सकाळी उतरायचं. महिन्यातून एखादी फेरी असेल तर हा प्रवास जड जात नाही, दिवसही मोडत नाही. दर आठवड्याला जायचं असेल तर कोल्हापूरचा विचार सोडून द्या. उजळाईवाडीला विमानतळ आहे, पण विमानांची वेळापत्रकं बदलत राहतात. त्यांच्या भरवशावर घर हलवू नका.

मुख्य ऑफिस पुण्यात असेल तर मात्र गणित उलटं होतं. पुण्यापासून नाशिक सव्वादोनशे किलोमीटरच्या आत आणि कोल्हापूर थोडं जास्त, अंतर जवळपास सारखंच. पण नाशिक-पुणे सरळ रेल्वेमार्ग नाही. संगमनेर-नारायणगावमार्गे रस्त्यानेच जावं लागतं. कोल्हापूरहून पुण्याला रेल्वे आहे, 2024पासून वंदे भारतही आहे. लहान मुलांना घेऊन पाच तास मोटारीत बसणं आणि रेल्वेत बसणं यातला फरक ज्यांनी अनुभवलाय त्यांना तो वेगळा समजावायला नको.

याच नकाशावर दोन्हीकडच्या आजी-आजोबांची घरंही मांडा. माझ्या लेखी मुंबईच्या अंतराइतकंच, कधी त्याहून जास्त वजन याला आहे. सांगली, मिरज, सातारा, बेळगाव, रत्नागिरीकडे माहेर किंवा सासर असेल तर कोल्हापूर. जळगाव, धुळे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगरकडे असेल तर नाशिक. आजी एसटीत बसून दुपारपर्यंत पोचू शकते की नाही, हा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी येतोच. एकाला ताप आला की दुसऱ्याला येतो, मग आईला येतो, आणि त्या आठवड्यात गावातल्या चांगल्या बागा कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

गाव ठरवताना वस्ती ठरवा

'नाशिकला राहतो' याला तसा फारसा अर्थ नाही. 2011च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या 14.86 लाख होती आणि कोल्हापूरची 5.49 लाख. नाशिक तेव्हापासून चहूबाजूंनी वाढलं आहे. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, सिडको, सातपूर, गंगापूर रोड, पंचवटी, म्हसरूळ, आडगाव, नाशिकरोड, देवळाली कॅम्प ही एकाच शहराची नावं असली तरी रोजचं जगणं वेगवेगळं आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, आडगावकडे घर आणि कॉलेज रोडला शाळा असा त्रिकोण झाला तर मुंबई सोडून काहीच मिळवलं नाही असं वाटेल. द्वारका चौक आणि तिथली कोंडी रोज ओलांडावी लागू नये, एवढा एक नियम पाळला तरी नाशिकमधलं निम्मं काम होतं. नोकरी, शाळा आणि घर यांतल्या निदान दोन गोष्टी चौकाच्या एकाच बाजूला हव्यात, आणि त्या दोन म्हणजे शाळा आणि घर. नोकरीवाल्याने थोडं लांब जावं.

नाशिकला येत्या काळात जाणाऱ्यांनी सिंहस्थाचाही विचार करायला हवा. कुंभमेळा 2026-27चा आहे आणि मुख्य पर्वण्या 2027च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. तपोवन, पंचवटी, रामकुंडाचा परिसर आणि त्र्यंबक रस्ता या भागांत त्या वेळी वाहतुकीवर कडक निर्बंध येतात, आणि रस्त्यांची कामं त्याच्या आधीपासूनच सुरू असतात. मेळा पाहण्यासारखा असतो, यात शंका नाही. पण पर्वणीच्या दिवशी मुलाला घेऊन दवाखान्यात कसं पोचायचं, याचं उत्तर घर घेतानाच शोधलेलं बरं. इंदिरानगर किंवा गंगापूर रोडच्या आतल्या भागात त्या मानाने निवांत राहता येईल. गंगापूर रोडच्या टोकाला, मळ्यांना लागून झालेल्या नव्या सोसायट्या दिसायला सुंदर आहेत. तिथे घर बघत असाल तर बिबट्याबद्दल शेजाऱ्यांना जरूर विचारा. नाशिकच्या वस्त्यांत बिबट्या आल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत, आणि संध्याकाळी मुलांना अंगणात एकटं सोडता येतं का हे तिथल्याच आया नीट सांगतील.

कोल्हापूर आटोपशीर. रंकाळ्यावरून राजारामपुरीत यायला फारसा वेळ लागत नाही. दुचाकीवर सगळं गाव हाताशी येतं. मुलाला शाळेत सोडून, भाजी घेऊन, बँकेचं काम उरकून तासाभरात घरी, हे कोल्हापुरात खरोखर घडतं. घरी राहणाऱ्या पालकाला याचं मोल फार आहे. तिथली मेख वेगळीच आहे. महापालिका झाली 1972 साली आणि हद्दवाढीचा प्रश्न तेव्हापासून गाजतो आहे. त्यामुळे शहर म्हणून ज्या भागांत आपण घर बघतो, ते पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी हे भाग ग्रामपंचायतींचे म्हणून वाढले. आर. के. नगरमध्ये हवा छान, घरं मोठी, भाडं बेताचं. पण नळाला पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता येतं, कचऱ्याची गाडी येते का, रस्त्यावर दिवे आहेत का, हे प्रत्येक गल्लीत वेगळं विचारावं लागतं. घरमालकाला विचारून उपयोग नाही, खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा. आणि घरपट्टी कुठे भरतात हे विचारलंत की हद्दीचा उलगडा तिथल्या तिथे होतो.

पावसाळा

कोल्हापूरचा निर्णय पंचगंगेला वगळून घेता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हे आकडे कोल्हापुरात क्रिकेटच्या धावांसारखे तासातासाला विचारले जातात. 2005ला पूर आला. 2019ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021ला त्याहूनही वर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला आणि पुण्याकडचा रस्ता बंद पडला. शहरात सगळीकडे पाणी आणि प्यायला पाणी नाही अशी गत झाली, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. आता काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन झाली आहे, तेवढा दिलासा आहे.

याचा अर्थ कोल्हापूर टाळावं असा मुळीच नाही. राजारामपुरीचा चढावरचा भाग, संभाजीनगर, कळंब्याकडची बाजू, आर. के. नगर ही उंचावरची ठिकाणं आहेत. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, दुधाळी, रमणमळा, नागाळा पार्कचा सखल भाग इथे मात्र चौकशीशिवाय पाऊल टाकू नका. चौकशी कशी करायची तेही सांगते. घर दाखवणाऱ्या एजंटाला बाजूला ठेवा आणि कोपऱ्यावरच्या जुन्या किराणा दुकानदाराला विचारा, 'एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?' तो तोंडी उत्तर देत नाही. दुकानातून बाहेर येतो आणि भिंतीवर हात ठेवून दाखवतो: इथवर. कुठे कमरेशी, कुठे डोक्याच्या वर. 'इकडे आलंच नाही, पण समोरच्या गल्लीत होतं' असंही कुणी सांगतं, आणि ते तितकंच कामाचं असतं, कारण समोरच्या गल्लीतून शाळेची रिक्षा येणार असते.

'आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे' या उत्तरावर समाधान मानू नका. इमारतीच्या तळाशी पाणी असेल तर वीज जाते, लिफ्ट बंद, पंप बंद, आणि तान्ह्या बाळासकट तुम्ही वर अडकता. विकत घर घेताना महापालिकेकडे किंवा पाटबंधारे खात्याकडे पूररेषेचा नकाशा बघायला मागा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गेल्या काही वर्षांचा अनुभव पाहता मी लाल रेषेच्या आत घर घेणार नाही, मग किंमत कितीही उतरवून देवोत.

नाशिकलाही गोदावरीला पूर येतो. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या भागाला पाणी लागलं यावर जुने नाशिककर पूर मोजतात. पण तो मुख्यतः घाट, सराफ बाजार आणि जुन्या गावाचा प्रश्न आहे, नव्याने येणारं कुटुंब सहसा तिथे घर घेत नाही. नाशिकच्या नव्या वस्त्यांत उलट एप्रिल-मेचा प्रश्न विचारा: टँकर किती लागतात, आणि त्यांचा खर्च सोसायटीच्या मासिक वर्गणीत धरलेला आहे का?

शाळा

दोन्हीकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळांची वाण नाही. जाहिराती, गणवेश, शुल्क, सगळं ओळखीचं. त्यात निवड करताना मी एकच कसोटी लावेन: घरापासून रिक्षाने किंवा व्हॅनने किती मिनिटं. चार-पाच वर्षांच्या मुलाला पाऊण तास व्हॅनमध्ये बसवून मिळणाऱ्या 'उत्तम' शाळेपेक्षा दहा मिनिटांवरची साधी शाळा बरी, कारण दुपारी तापाचा फोन आला की तिथे पोचायचं घरच्या माणसालाच असतं.

मराठी माध्यमाचा विचार असेल तर मात्र दोन्ही गावं मुंबईपेक्षा श्रीमंत आहेत, आणि हे मुंबईकरांना बहुधा ठाऊक नसतं. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 साली सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालय आहे, नाशिकमध्ये आनंद निकेतन आहे. प्रयोगशील मराठी शाळा म्हणून दोन्हींचं नाव महाराष्ट्रभर आहे. कोल्हापुरात महापालिकेच्या शाळांकडेही नाक मुरडून बघू नका. जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी गुढीपाडव्याला पालक रात्रीपासून रांग लावतात. सरकारी शाळेसाठी रांग ही गोष्ट मुंबईतून आलेल्याला आधी खरीच वाटत नाही. तिथे पाडव्याला प्रवेश घेण्याची प्रथा अनेक शाळांत आहे, म्हणजे मे महिन्यात सामान हलवून मग शाळा शोधू असं म्हणणाऱ्याला उशीर झालेला असतो.

वयाचं गणित आधीच करून ठेवा. राज्याच्या नियमाप्रमाणे पहिलीसाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. केंद्रीय मंडळाच्या शाळा वेगळी तारीख धरू शकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जन्मलेलं मूल ठाण्यात मोठ्या शिशुगटात आणि नव्या शाळेत पुन्हा छोट्या शिशुगटात, असं यातूनच होतं. त्याने काही बिघडत नाही, पण मुलाला आधी सांगून ठेवावं लागतं.

थोरलं मूल पहिलीच्या पुढे असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं एक कलम उपयोगी पडतं. गाव बदललेल्या मुलाला दाखला ताबडतोब देणं मुख्याध्यापकांना बंधनकारक आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हा हक्क खासगी विनाअनुदानित शाळेत लागू होत नाही. आणि तुमच्या मुलाला 25 टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेला असेल तर थांबून विचार करा. तो प्रवेश नव्या शहरात आपोआप सोबत येईल असं गृहीत धरू नका. पंचवीस टक्क्यांतल्या जागेवर मूल आठवीपर्यंत मोफत शिकणार असेल, तर घराच्या हिशेबात ती रक्कम पगारवाढीसमोर मांडून बघायला हवी.

डॉक्टर, पाळणाघर आणि तिची नोकरी

घर बघण्याआधी बालरोगतज्ज्ञ बघा. लसीकरणाचं कार्ड घेऊन खरोखरच एकदा दाखवायला जा. बाहेर बसलेल्या आयांशी बोला. प्रश्न दोनच विचारायचे: रात्री दोनला मूल आजारी पडलं तर तुम्ही कुठे नेता, आणि तिथे त्या वेळी मुलांचे डॉक्टर असतात का? मोठं रुग्णालय जवळ असणं आणि तिथे रात्री नवजात किंवा लहान मुलांचा अतिदक्षता विभाग चालू असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही शहरांत मोठी सरकारी आणि खासगी रुग्णालयं आहेत. तुमच्या वस्तीतून रात्री तिथवर जायला किती वेळ लागतो, ते एकदा स्वतः जाऊन बघा. आणि कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं, त्याचं कौतुक तुम्ही ऐकाल. मोठ्यांनी हौसेने प्यावं, लहान मुलाला मात्र तापवल्याशिवाय देऊ नका.

पाळणाघराची सवय मुंबईतल्या आईला असते. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, जेवणासकट. नाशिकमध्ये औद्योगिक वसाहतींच्या आसपास आणि कॉलेज रोड-इंदिरानगरकडे चौकशी केली तर अशी सोय शोधता येते. कोल्हापुरात आजी घरात असते हे गृहीत धरूनच बरंचसं जगणं चालतं, त्यामुळे पूर्ण दिवसाचं पाळणाघर शोधायला जास्त पायपीट करावी लागेल. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायला हवी असं मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017च्या दुरुस्तीने ठरवलं. नवी नोकरी स्वीकारताना हे विचारायला संकोच करू नका.

आणि इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. गाव बदलताना बायकोची नोकरी 'तिथे गेल्यावर बघू' या सदरात टाकली जाते. तसं करू नका. ती संगणक क्षेत्रात, यंत्र उद्योगात किंवा हिशेबाच्या कामात असेल तर नाशिकचा पसारा मोठा आहे: सातपूर-अंबड, सिन्नर, ओझर. कोल्हापुरात फाउंड्री, कागल-शिरोलीच्या वसाहती, दूध, कापड, रुग्णालयं आणि शिक्षणसंस्था आहेत. 2025च्या ऑगस्टपासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथे सुरू झालं आहे, त्यामुळे वकील असलेल्या स्त्रीला कोल्हापूर पूर्वीपेक्षा खूपच सोयीचं झालं. हलण्याआधी तिने तिथल्या दोन-तीन ठिकाणी प्रत्यक्ष बोलून यावं. मूल दोन वर्षांचं झाल्यावर कामावर परतू असं तिने ठरवलं असेल, तर त्या दोन वर्षांनंतरचं काम त्या गावात आहे का, याचं उत्तर आत्ताच हवं.

बघायला कसं जायचं

दोन्ही ठिकाणी मुलांना घेऊन जा, आठवड्याच्या मधल्या वारी जा आणि एक फेरी तरी जुलैत करा. हॉटेलात न राहता चार दिवसांसाठी भाड्याचं घर मिळालं तर उत्तम. सकाळी दूध-भाजी आणा, शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहा, संध्याकाळी साडेपाचला जवळच्या बागेत मुलांना सोडा. त्या बागेत इतर आया-बाबा दिसतात का, आपल्याशी कुणी आपणहून बोलतं का, हे घरी राहणाऱ्या माणसासाठी फ्लॅटच्या क्षेत्रफळापेक्षा मोठं आहे. ज्याच्याकडे नकाराचा अधिकार आहे त्याने एक पूर्ण दिवस दुसऱ्याशिवाय, मुलांना घेऊन, रिक्षाने किंवा बसने गावात काढावा. नाशिकमध्ये सिटीलिंक, कोल्हापुरात केएमटी. त्या दिवसानंतर त्याचं म्हणणं ऐका.

रात्रीचा आवाजही ऐका. कोल्हापुरात पेठेत घर बघत असाल तर तालीम मंडळं, फुटबॉलचे सामने आणि गणपतीची मिरवणूक यांनी गल्ली जिवंत असते, विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. मुलं यात वाढली तर मला आवडेल. तान्हं बाळ असलेल्या आईला पहिल्या वर्षी ते झेपेल का, हे तिनेच सांगावं.

पहिलं वर्ष भाड्याने

पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका, मग बिल्डरची सवलत कितीही मोलाची वाटो. एक पावसाळा, एक उन्हाळा आणि शाळेचं एक पूर्ण वर्ष गेल्याशिवाय वस्ती कळत नाही. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी करावीच लागते. ती ऑनलाइन होते, मुद्रांक शुल्क पाव टक्का आणि शहरी भागात नोंदणी फी 1,000 रुपये. हा नोंदणीकृत करार पुढे शाळाप्रवेश, आधारवरचा पत्ता, गॅस अशा सगळीकडे लागतो, तेव्हा नोटरीवर भागवू नका. करारात 'इतके महिने घर सोडता येणार नाही' अशी अट असेल तर ती तीन महिन्यांवर आणून ठेवा, म्हणजे वस्ती चुकली तर त्याच गावात दुसरीकडे जाता येईल. बऱ्याच कुटुंबांचं गाव चुकलेलं नसतं, गल्ली चुकलेली असते. गाडी राज्यातल्या राज्यात असल्याने एमएच 04चा क्रमांक एमएच 15 किंवा एमएच 09च्या गावात बिनदिक्कत चालतो, नोंदणीपत्रावरचा पत्ता तेवढा बदलून घ्यायचा.

इतकं सगळं करूनही दोन्ही पारडी सारखीच राहिली तर? माझा कौल असा. मुंबईला आठवड्यातून एकदा जावं लागणार असेल, दोघांनाही नोकरी करायची असेल आणि पाळणाघर लागणार असेल तर नाशिक. मुंबईचं काम महिन्यातून एकदाच असेल किंवा ऑफिस पुण्यात असेल, एक पालक घरी राहणार असेल आणि रोजची कामं दुचाकीवर एकट्याने उरकायची असतील तर कोल्हापूर, पण उंचावरच्या वस्तीत. आजी-आजोबा यांपैकी एका बाजूला तासा-दीड तासाच्या अंतरावर असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवून तिकडे जा.

ठाण्याचं स्वतःचं घर असेल तर पहिल्या वर्षी ते विकू नका, अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या. फेब्रुवारीत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या शाळाप्रवेशाच्या आधी, दोघांनी बसून पुन्हा एकदा बोला आणि तेव्हाही आधी त्याच माणसाला बोलू द्या जो दिवसभर घरी असतो. राहायचं ठरलं की मग पूररेषेचा नकाशा आणि महारेरावरची नोंदणी तपासून घर शोधायला लागा. घर पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे.